टाळ वाजला की आत

माझ्या माहितीत कबड्डी हा एकच खेळ असा आहे, ज्यात श्वास सोडत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मध्यरेषा ओलांडली की तोंडानं 'कबड्डी कबड्डी' चालू पाहिजे, तेही पंचाच्या कानावर पडेल असं. एका दमात तीस सेकंद. समोर सात माणसं, हातभर अंतरावर, घामानं निथळणारी, आ वासलेली, आणि त्यांच्या तोंडावर आपला श्वास. धापेची साथ आली तेव्हा सगळ्या खेळांत पहिला दणका आम्हाला बसला, यात नवल काहीच नव्हतं.

'धाप' हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री त्या विषाणूला काहीतरी अक्षरं आणि आकडे होते. ताप दोन दिवसांचा, मागं राहायची ती धाप. जिना चढताना, जेवताना, देवाचं नाव घेतानासुद्धा.

हे मी आमच्या घरात बघितलं. माझे वडील हरिबुवा माळवदे. आम्ही घरातले त्यांना आबा म्हणतो, बाकी सगळा तासगाव तालुका बुवा म्हणतो. चाळीस वर्षं कीर्तन केलं त्यांनी. चाल लावली की मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकलेला माणूसही पाठ सोडून सरळ बसायचा. पहिल्या साथीतून आबा वाचले, पण छातीच्या फोटोत दीड फुप्फुस उरलेलं दिसलं. त्यानंतर वीणा खुंटीला लागली. "देवानं तोंड ठेवलं, भाता तेवढा काढून घेतला," एवढंच एकदा म्हणाले. पुन्हा कधी त्याचं गाणं केलं नाही.

माझा दम तयार झाला तो मैदानावर नाही. लहानपणी हातात टाळ घेऊन मी आबांच्या पाठीमागं उभा असायचो. बुवांनी ओळ सोडली की आम्ही टाळकऱ्यांनी ती उचलायची. दोन दोन तास. नंतर कबड्डीच्या गुरुजींनी मला पहिल्यांदा 'दम धर' म्हटलं तेव्हा मला वाटलं, एवढंच?

तर लस. डॉक्टरबाईंनी आम्हाला जसं सांगितलं तसंच सांगतो. डॉ. शिरीन मुजावर आमच्या क्लबाच्या डॉक्टर. डझनभर आडदांड खेळाडूंना पहिलीच्या वर्गासारखं बसवून शिकवायच्या. म्हणाल्या, दंडातली सुई काय करते? घरात शिपाई ठेवते. चोर आत आला की शिपाई त्याला बडवतात, घर वाचतं. पण चोर ओसरीपर्यंत येतोच, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या घरात उडी मारतो. म्हणजे तुम्ही आजारी पडत नाही, पण दुसऱ्याला पाडता. म्हणून ही दुसरी लस. ही श्वासातून घ्यायची. ती नाका-घशाच्या ओल्या अस्तरात पहारेकरी उभे करते, थेट दारात. चोराला उंबऱ्यावरच धरतात. फक्त हे पहारेकरी पाच-सहा महिन्यांत थकतात, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. आणि नवीन डोस घेतला की ते उभे राहायला तीन आठवडे जातात.

घ्यायची कशी? एक झाकणाचा कप. तोंडाला लावायचा. 'पीं' असा आवाज होतो, कपात धुकं सुटतं, आणि ते एका सेकंदात आत ओढून घ्यायचं. संपलं. सुई नाही, दुखणं नाही. पोरं हसायची. "चहाच्या कपापेक्षा सोपं हाय की," असं कुणीतरी म्हणालंही.

लीगनं नियम केला. दोन्ही लशी, दर पाच महिन्यांनी धुक्याचा डोस, मनगटावर हिरवी पट्टी. पट्टी नाही तर मॅटवर पाय नाही, हॉलच्या दारातही नाही. क्रिकेटवाल्यांना सक्ती झाली नाही. ते लांब लांब उभे राहतात. आमच्याकडं मात्र करारातच कलम आलं. एका क्लबाचे दोन परदेशी खेळाडू परत गेले, कारण त्यांच्या देशातली लस लीगच्या यादीत नव्हती. कुठं कप्तान गेला, कुठं अख्खा डावा कोपरा मोकळा झाला. आमचा क्लब सांगलीचा, कृष्णाकाठ वीर. आमच्याकडून एकच माणूस गेला. रणधीर कोळेकर.

रणधीर डाव्या कोपऱ्यातला बचावपटू. त्यानं घोटा धरला की समोरचा जागचा हलायचा नाही. सरावाला सात वर्षं मी त्याच्यावर चढाई केली आणि सात वर्षं त्यानं मला आडवं केलं. त्याचा थोरला भाऊ पहिल्या साथीत गेला, सुई घेतल्यावर दोन दिवसांनी. धाप आधीच अंगात होती, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांना ते पटलं नाही. रणधीरची आई म्हणाली, या घरात आता लस नको. त्यानं आईला शब्द दिला होता.

क्लबानं बैठक घेतली. आमचे प्रशिक्षक तायाप्पा हुलवान सर म्हणाले, नियम लीगचा आहे, पण रणधीरसाठी सवलत मागायची का, ते तुम्ही पोरांनी ठरवा. हात वर करा.

सगळे माझ्याकडं बघत होते, मी कप्तान. मी हात खालीच ठेवला. मग बाकीच्यांचेही खालीच राहिले.

रणधीर म्हणाला, "निवृत्तीदादा, तू पण?"

तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मी बोललो. "तुझ्या हट्टापायी माझा बाप मरायचा. मी हितं लस घेतलीय, उद्या तू न घेता माझ्यावर पडणार, आणि मी ते घरी नेणार. खोटा जीव हाय तुझा माझ्यावर."

रणधीरनं बूट पिशवीत भरले आणि तो गेला. त्या गोष्टीला चार महिने झाले होते.

*

त्या हंगामात आम्ही पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचलो. सामना रविवारी, सांगलीतच, आमच्याच हॉलमध्ये. माझं वय छत्तीस. करार या हंगामापुरताच. पोरं चिडवायची, "दादाचं नाव निवृत्ती ठेवलंय बुवांनी, पर दादा घेत काय न्हाई." मी हसायचो. गुडघे हसायचे नाहीत. शेवट चांगला व्हावा एवढंच होतं. आबा टीव्हीवर बघतील, कोमल, माझी बायको, नेहमीसारखी शेवटची पाच मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन उभी राहील, आणि मी मॅटला हात लावून कपाळाला लावीन.

बुधवारी डॉक्टरबाईंकडं नवीन यंत्र आलं. पुढच्या हंगामापासून लीग ते सगळ्या क्लबांना देणार होती, आमच्याकडं नुसतं चाचणीसाठी. एक लांब नळी, त्यात फुंकायचं. फुंकलेल्या वाफेत पहारेकरी किती आहेत ते मोजून आकडा दाखवतं. पोरांनी लगेच नाव ठेवलं, फुंकणी.

"कप्तान आधी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी फुंकलं. त्यांनी आकडा बघितला, चष्मा वर केला, परत फुंकायला लावलं. मग यंत्र बंद करून चालू केलं.

"किती आला?"

"दहाच्या वर पाहिजे. तुमचा शून्य पॉइंट दोन. निवृत्ती, भिंतीनं फुंकलं असतं तरी एवढा आला असता."

तायाप्पा सर दारातच उभे होते. "यंत्र नवं हाय. नव्या बैलासारखं. चार दिवस जुंपल्याशिवाय चालंल व्हय?"

डॉक्टरबाईंनी स्वतः फुंकलं. अठरा. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी कंपनीला लिहिते. सोमवारपर्यंत उत्तर येईल. तोवर नियमानं तुमची पट्टी हिरवीच आहे. डोस घेतल्याची नोंद आहे, आणि नियम नोंद बघतो."

"झालं तर मग," सर म्हणाले. "सोमवार रविवारच्या नंतर येतो."

बाकीच्यांची चाचणी त्यांनी तिथंच थांबवायला लावली.

*

गुरुवारी सकाळी मी घरी गेलो. घर तासगावच्या अलीकडं, अर्ध्या तासावर. आबा खिडकीपाशी खाटेवर बसले होते. मांडीवर वाफेचं यंत्र. मिठाच्या पाण्याची वाफ ते रोज दोनदा घेतात. त्यालाही 'पीं' असा आवाज आहे.

मी दारातच मुखपट्टी लावली आणि लांब बसलो.

"हे काय नवीन?" आबा म्हणाले. "हिरवा झालास म्हणून मिरवत होतास की."

मी सगळं सांगितलं. आबा ऐकताना डोळे मिटतात. माणसाला वाटतं झोपले. मग डोळे उघडून म्हणाले, "कप कसा घेतलास ते करून दाखव. ह्यावर."

"आबा, त्यात करून दाखवण्यासारखं काय हाय? आवाज आला की ओढायचं."

"दाखव तर."

त्यांनी नळी बदलली आणि यंत्र माझ्याकडं सरकवलं. मी मुखपट्टी खाली केली, खिडकीकडं तोंड करून नळी समोर धरली. खिडकीतून ऊन पडलं होतं. पीं झालं. वाफ सुटली.

आणि उन्हाच्या त्या पट्ट्यात मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाफेचा गोळा माझ्या तोंडापासून लांब, सरळ खिडकीच्या गजांकडं गेला. मग मी श्वास घेतला. तोवर तिथं काही उरलं नव्हतं.

आबा म्हणाले, "अरे, तू तर फुंकलंस."

"न्हाई फुंकलं."

"पुन्हा कर."

पुन्हा केलं. मन घट्ट करून केलं. पीं झालं, आणि ओठांतून श्वास आधी बाहेर आला. अर्धा सेकंद. तेवढाच. तिसऱ्यांदाही तेच.

लीगमध्ये प्रत्येक चढाईला भोंगा वाजतो. चढाईपटू रेषेमागं छाती भरून उभा असतो, भोंगा झाला की 'क' बाहेर पडायला पाहिजे. उशीर झाला तर चढाई फुकट. वीस वर्षं माझ्या अंगानं एवढंच शिकून घेतलं होतं. आवाज म्हणजे सोड. कपाचा आवाज वेगळा, भोंग्याचा वेगळा. पण अंगाला कुठं नावं कळतात? चार महिन्यांपूर्वी दवाखान्यात मी रांगेत उभा राहिलो, छाती भरली, कप लावला, पीं झालं आणि सगळी लस त्या झाकणाच्या भोकांतून बाहेर फुंकून दिली. मग रिकामी हवा ओढली आणि हिरवी पट्टी बांधून आलो.

बचावपटूंना ही सवय नसते. ते गप्प उभे राहून वाट बघतात. म्हणजे चूक झाली असेल ती माझी आणि बाकीच्या तीन चढाईपटूंची. तरुण सिद्राम आणि दोन नवी पोरं.

आबांना हसू आलं. हसताना धाप लागली, मी पाणी दिलं. सावरल्यावर म्हणाले, "माझं पण सुरुवातीला असंच व्हायचं. मृदंगाची थाप पडली की गळा उघडायचा, आणि छातीत काही नसायचं. गुरूंनी काठी हाणली होती. थापेआधी घे, म्हणाले."

मी मुखपट्टी परत वर ओढली आणि लांब जाऊन बसलो. बाहेर कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं.

शेवटी मीच म्हणालो, "आबा, मला काय होणार न्हाई. दंडातली सुई लागू हाय माझी. आणि रविवारनंतर मी तीन आठवडे क्लबाच्या हॉस्टेलवर राहतो, घरी येतच न्हाई. तुमच्यापर्यंत काय पोचायचं न्हाई."

"माझ्यापर्यंत न्हाई," आबा म्हणाले.

"डॉक्टरबाईंना पण अजून कारण ठाऊक न्हाई. मी बोललो तरच कळणार."

"हं."

"पोरांचा हंगाम जाईल. माझा शेवटचा सामना..."

आबांनी हात वर केला. कीर्तनात निरूपणाला सुरुवात करण्याआधी करायचे तसा. मला वाटलं आता मोठं काहीतरी सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "समोरच्या सात जणांच्या घरी म्हातारं माणूस न्हाई का रे कुणाच्या?"

मी वाफेच्या यंत्राची नळी काढून ठेवली.

"तुला काय वाटतं, कीर्तन बुवाच्या दमावर चालतं?" थोड्या वेळानं ते म्हणाले. एकेका वाक्याला थांबत होते. "बुवाला श्वास घ्यावाच लागतो. तो घेतो, तेवढा वेळ मागचे चाल धरून ठेवतात. पडू देत न्हाईत. लोकांना कळत पण न्हाई बुवा कधी थांबला ते. आता तू थांब. मागची पोरं धरतील. न्हाई धरली तर न्हाई. पण थांबायचं तिथं थांबावं लागतं, बाळा."

छत्तीस वर्षांच्या माणसाला बाळा म्हटलं की काय बोलणार?

*

शुक्रवारी मी डॉक्टरबाईंच्या खोलीत सांगितलं. तायाप्पा सरही होते. डॉक्टरबाईंनी बाकीच्या तिघा चढाईपटूंना फुंकणीवर घेतलं. शून्य पॉइंट तीन, शून्य पॉइंट एक, दोन पॉइंट चार. दोन पॉइंट चार सिद्रामचा. डोसच्या दिवशी त्याला सर्दी होती, नाक ओढताना थोडंफार आत गेलं असावं. मग चार बचावपटू घेतले. सोळा, एकवीस, चौदा, एकोणीस.

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. "डोस देताना मी स्क्रीन बघत होते," म्हणाल्या. "बारा नावं, बारा टिकमार्क. माणूस बघितलाच नाही."

सर भिंतीकडं तोंड करून उभे होते. "निवृत्ती, लेका," ते वळून म्हणाले, "दोन दिवस गप्प बसला असतास तर आकाश पडलं असतं काय?"

"पडलं नसतं सर."

"मग?"

मला नीट सांगता आलं नाही. सिद्राम मात्र नीट बोलला. चोवीस वर्षांचा पोरगा, पुढच्या महिन्याच्या लिलावात त्याचं नाव वर लागणार होतं. आवाजही चढवला नाही त्यानं. "दादा, तुमचा शेवट हाय. आमची सुरुवात होती."



डॉक्टरबाईंनी लीगला सगळं लिहिलं, कारणासकट. हेही लिहिलं की सगळ्याच क्लबांचे चढाईपटू तपासा, चूक सगळीकडं असणार. संध्याकाळी उत्तर आलं. यंत्राला अजून मान्यता नाही, त्यामुळं इतर क्लबांची तपासणी हंगामानंतर. मात्र आपण स्वतः जाहीर केल्यामुळं आपल्या चार खेळाडूंच्या पट्ट्या नव्या डोसनंतर एकवीस दिवस लाल राहतील. उरलेल्या खेळाडूंसह संघ सामना खेळू शकतो.

सर पत्र वाचून हसले. तसं हसणं मी त्यांचं आधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "आठ बचावपटू. आठ दारवान, आणि एकाला बी पुढं चालता येत न्हाई." मग शिट्टी गळ्यात घातली आणि त्या आठांना चढाई शिकवायला निघून गेले.

त्या संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी आबांनी माझा सराव घेतला. खाटेवर बसून हातात टाळ. "टाळ वाजला की आत," म्हणायचे आणि वाजवायचे. मी दारापाशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून. पहिले तीस-चाळीस वेळा चुकलो. कोमल कामं सोडून बघत उभी राहायची आणि पदरानं तोंड झाकून हसायची. "वीस वर्षं कबड्डी खेळला, आणि ह्यांना श्वास घेता येईना," म्हणाली. पुढं पुढं जमायला लागलं. टाळ वाजला की आत. आबा दमायचे, थांबायचे, परत वाजवायचे. किती दिवसांनी त्या हातात टाळ बघत होतो. घरात कीर्तन नव्हतं, पण ताल होता.

शनिवारी दुपारी मी डोस घेतला. डॉक्टरबाईंनी कपावर विजेरी धरली होती, धुकं कुठं जातं ते दिसायला. पीं झालं. सगळं आत गेलं. "आता बरोबर," त्या म्हणाल्या, आणि मला लाल पट्टी बांधली.

*

रविवारी हॉलच्या दारातून आत जायची मला परवानगी नव्हती. समोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी आहे, तिथं आतल्या कर्ण्यावरचं समालोचन ऐकू येतं. मी तिकडं गेलो तर बाकाच्या टोकाला रणधीर कोळेकर बसला होता.

"ये निवृत्तीदादा, ये," तो म्हणाला. "हितं बाहेरच्यांची रांग हाय. नंबर लाव."

मी मुखपट्टी वर ओढून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आत सामना सुरू झाला होता. आमचा भैरू, उजव्या बाजूचा भलाथोरला बचावपटू, जन्मात पहिल्यांदा चढाईला गेला आणि पाच सेकंदांत धरला गेला. कर्णा हसत होता.

रणधीर म्हणाला, "मी न घेता बाहेर, तू घेऊन बाहेर. मजा हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या सांगलीला ठाऊक हाय. कप्तानानं लस फुंकून दिली म्हणून." तो हसला, मग थांबला. "म्हणजे चार महिने तू आणि मी सारखेच होतो."

"व्हय."

"म्हणजे मीच बरोबर होतो."

"न्हाई," मी म्हणालो. "तू बरोबर नव्हतास, रणधीर. लस घ्यायलाच पाहिजे होती, मला आजही तसंच वाटतं. पण मी तुला जे बोललो... तुझा जीव खोटा म्हणालो. तेव्हा घरी धाप नेऊ शकत होतो तो मीच. तू निदान सांगून गेलास. ते मी परत घेतो."

त्यानं चहाचा पेला दोन्ही हातांत फिरवला. "समोरच्या पोरांचं काय? ती पण फुंकतच असतील की."

"असतील."

"ती आत खेळतायत."

"हं."

"मग तू कशाला बोंब मारलीस?"

"मला माझं ठाऊक होतं," मी म्हणालो.

आतून मोठा गलका आला. भैरूनं दुसऱ्या चढाईत बोनस काढला होता. रणधीर बाकावरून अर्धा उठला, "अरे भैऱ्या!" असं ओरडला आणि परत बसला. आम्ही दोघं मान खाली घालून ऐकत राहिलो. त्या आठ जणांनी चाल धरून ठेवली. मध्यंतरापर्यंत चार गुणांनीच मागं होते. पुढं तुटली. एकेक करून बाद होत गेले, एकदा सगळा संघ बाद झाला, आणि कर्ण्यावरचा माणूस दुसऱ्या संघाच्या अंतिम सामन्याबद्दल बोलायला लागला.

"बुवा कसे हायत?" रणधीरनं मध्येच विचारलं.

"टाळ वाजवतायत."

मग त्यानं खिशातून रुमाल काढला, तोंडाला बांधला आणि बाकावरून उठून पलीकडच्या दगडावर जाऊन बसला. मला वाटलं रागावला.

"आई ऐकत न्हाई माझी," तिथून तो म्हणाला. "मी पण अजून शब्दातच हाय. पण तुला आता घरी जायचं हाय. तुझे पहारेकरी यायला वीस दिवस हायत. लांब बसू की. त्याला काय सक्ती लागतीय?"

चहावाल्यानं विचारलं, अजून एक? मी मान हलवली.

आत शेवटची चढाई उरली होती. सगळं ठरलं असतानाही पूर्ण करावी लागते अशी. ती माझी असायची, वीस वर्षं माझीच असायची. कर्ण्यावर भोंगा वाजला.

मी श्वास आत घेतला. आपोआप. मग लक्षात आलं, छाती भरलेली आहे आणि जायचं कुठंच नाही. तसाच धरून बसलो. तीस सेकंद मनातल्या मनात मोजले. आत भैरू दमानं ओरडत होता, कबड्डी, कबड्डी, आणि मग पंचाची शिट्टी झाली.

रणधीर समोर बसला होता. मी त्याच्याकडं पाठ केली, रिकाम्या रस्त्याकडं तोंड केलं, आणि हळूहळू दम सोडला.